लोखंडाचं आजोळ : मामाबरोबर कळंबोली, तळोजा, ठाणे

गणपती झाले, घरचा म्हाळ झाला आणि मगच मामाचा फोन आला. "येतंय गो, कान दाखवूक." चतुर्थीच्या आधी कोकणातला माणूस मुंबईला येत नाही आणि त्यात मामा तर नाहीच.

मामा रेडीचा. वेंगुर्ले तालुक्याचं शेवटचं टोक, पलीकडे तेरेखोलची खाडी आणि गोवा. बाहेरच्यांना रेडी ठाऊक असते ती तिथल्या दोन हातांच्या गणपतीमुळे. १९७६ साली एका ट्रकवाल्याला स्वप्न पडलं, खाणीच्या आवारात खणलं आणि मूर्ती निघाली, अशी हकिकत तिथे कुणीही सांगतं. ती खाण लोखंडाची. मामा तेव्हा तिथे पोरसवदा रोजंदार होता. पुढे तो गोव्यात डिचोलीकडे गेला, सॅम्पल उचलणाऱ्या पोऱ्याचा फोरमन झाला आणि २०१२च्या खाणबंदीच्या आदल्या वर्षी निवृत्त होऊन घरी बसला. डंपर आणि क्रशरच्या आवाजाने कान तिथेच गेले.

वाशीत तपासणी झाली, कानाचं मशीन मिळालं. दुकानातली मुलगी म्हणाली, चार दिवस वापरून बघा, मग आवाज नीट जुळवून देते. आता हे चार दिवस मामाला न्यायचं कुठे? आईचं म्हणणं, मॉल दाखव. मामा म्हणाला, "माका तुझो बाजार दाखव."

माझा बाजार म्हणजे कळंबोलीचा लोखंड बाजार. गेली १९ वर्षं मी तिथे एका व्यापाऱ्याकडे बिलिंगला आहे. अँगल, चॅनेल, बीम, प्लेट, कॉइल, सळई. माल टनात, पैसे लाखात. हे लोखंड ज्या मातीतून येतं त्या मातीत माझ्या सख्ख्या मामाने हयात काढली आणि मी त्याला त्याबद्दल कधी चार प्रश्न विचारले नाहीत. उन्हाळ्यात आजोळी गेलं की आम्हाला त्याचे लाल पडलेले कपडे तेवढे दिसायचे. मामी ते वेगळ्या बादलीत भिजवायची.

दिवस पहिला, शुक्रवार : कळंबोली

नेरूळहून लोकलने खांदेश्वर, तिथून रिक्षा. चौकात नेहमीची कोंडी, त्याबद्दल काय लिहायचं. पावसाने रात्रभर झोडपलं होतं आणि बाजारातल्या रस्त्यांवर खड्ड्यांची तळी झाली होती. पाणी लाल. मी रोज त्यातून साडी सावरत जाते. मामा मात्र एका डबक्याशी थांबला आणि बघतच राहिला. मग कडेच्या थप्पीतल्या एका सळईवरून बोट फिरवलं, गंज बोटाला आला, तो त्याने अंगठ्याने चोळून पसरवला.

"ही आमचीच माती. परत इली बघ."

मी म्हटलं, गंज आहे तो. तर म्हणे, गंज म्हणजे काय मग? खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायूची जोडी. भट्टीत कोळसा घालून तुम्ही ती जोडी फोडता आणि लोखंड वेगळं काढता. पावसात उघड्यावर टाकलं की ते हळूहळू परत जोडी जमवतं. गोव्याच्या खाणीत पिवळट-तपकिरी लिमोनाईट निघतं, गंज त्याचाच चुलतभाऊ. आमचे शेठ दर पावसाळ्यात गंजावरून गिऱ्हाइकांशी भांडतात, त्यांना हे नातं सांगावं असं वाटून गेलं.

हा बाजार पूर्वी मुंबईत, कर्नाक बंदर भागात होता. गोदीजवळ ते सोयीचं, पण गल्ल्या अरुंद आणि ट्रकांनी तुंबलेल्या. सिडकोने इथे जागा आखून दिली आणि बाजार खाडी ओलांडून आला. बाजाराबरोबर माथाडीही आले. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हापासून हमालाची हजेरी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं मंडळातून होतं. मजुरीच्या वर व्यापारी लेव्ही, म्हणजे मंडळाची ठरावीक टक्केवारी, भरतो. मामाला यात फार रस. आमच्या गोडाऊनच्या टोळीच्या मुकादमाशी तो अर्धा तास बोलला. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, टनावर की नगावर, पाय चेपला तर औषधपाणी कोण करतं, पावसाळ्यात काम कमी झालं तर काय. मुकादम साताऱ्याकडचा. दोघांचीही मराठी एकमेकांना अर्धीच कळत होती, पण दोघांच्याही बोटांची नखं तशीच काळी.

गंमत झाली ती सळईच्या गठ्ठ्यापाशी. लेबलवर छापलं होतं, एफई ५००. मामाने चष्मा वर केला, परत खाली केला.

"पाचशे टक्के लोखंड तुमका खंय गावलां गो?"

त्याच्या जगात एफई म्हणजे मालात शेकडा किती लोखंड. एफई ५८ म्हणजे बरा, ६२ म्हणजे चांगला, ६५ला छत्तीसगडातल्या बैलाडिलाचा माल. हेमटाईट, म्हणजे लोखंडाचं मुख्य खनिज, कितीही शुद्ध असलं तरी सत्तरी ओलांडत नाही, कारण उरलेला वाटा प्राणवायूचा. आमच्या एफई ५००चा त्याच्याशी संबंध नाही. सळई ताणत नेली की ती कायमची लांबायला लागते, त्याआधी दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताण सोसते, एवढाच अर्थ. हे त्याला समजावायला मला आमच्या इंजिनिअर गिऱ्हाइकाला फोन लावावा लागला, कारण मलाही फक्त आकडा ठाऊक होता.

मग मामाची पाळी आली. गोडाऊनमध्ये फिरताना तो मालावरचे शिक्के वाचायला लागला. कुठल्या कारखान्याचं ते विचारी आणि पुढचं स्वतः सांगे. भिलाईचा बीम? मग हा दल्ली-राजहराचा. जमशेदपूरची प्लेट? नोआमुंडीकडची. तोरणगल्लूची कॉइल म्हणजे संडूर-होस्पेटचा डोंगर. विशाखापट्टणमचा माल म्हणजे बैलाडिला, किरंदुलहून घाट उतरून येणाऱ्या रेल्वेने आलेला. "ह्या बीमाचां आजोळ राजहरा," असं म्हणून त्याने त्या बीमावर दोन थापा मारल्या, म्हशीच्या पाठीवर मारतात तशा. १९ वर्षं मी त्या थप्पीला ‘चार नंबर, डाव्या हाताची’ म्हणून ओळखते.

वजनकाट्यावर एक ट्रेलर लागला होता, नेट ३० टन सळई. मामाने काट्याची रद्दी चिठ्ठी मागून घेतली आणि मागे हिशेब मांडला. मोठ्या भट्टीत टनभर लोखंडाला साधारण १.६ टन खनिज लागतं, म्हणजे ३० टनाला ४८ टन. गोव्यात टनभर मालासाठी अडीच-तीन टन फालतू माती उपसावी लागते, तिला ओव्हरबर्डन म्हणतात. तिनाने धरलं तर १४४ टन. आमच्या दहा टनी टिपरने मोज, पाच टिपर माल आणि चौदा-पंधरा टिपर माती. "माल तुमच्याकडे इलो. माती खंय आसा?" असं विचारून त्यानेच उत्तर दिलं, ती आमच्या गावाच्या डोक्यावर डोंगर करून ठेवली आहे.

दुपारी ट्रेलरवाल्यांच्या धाब्यावर जेवलो. दाल, तंदुरी रोटी, कच्चा कांदा. दाल उत्तम, तुपाची धार वरून वेगळी. मामाने भात मागितला, तो आला बासमतीचा आणि मामाने तो पाहुण्यासारखा खाल्ला.

जाणाऱ्यांसाठी : बाजार रविवारी बंद. ओळखीशिवाय गोडाऊनमध्ये शिरू नका, आणि शिरलात तर क्रेनच्या खालून चालू नका, लाख घाई असो. चप्पल नको, जाड तळाचे बूट हवेत. पांढरे कपडे घालून आलात तर जाताना नसतील.

रात्री मामाने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड काढला. मुठीएवढा, करडा-काळा, चमकदार आणि आकाराच्या मानाने भलताच जड. माझ्या मुलीने विचारलं, खनिज लाल असतं ना? मामाने बाथरूमच्या कामातली उरलेली टाइल मागितली, उलटी केली आणि खरबरीत बाजूवर दगड ओढला. लालभडक रेघ उठली, कुंकवासारखी. दगड कितीही काळा दिसो, रेघ लाल आली की हेमटाईट. मुलीने पुढचा अर्धा तास टाइलवर मांजरं काढली.

दिवस दुसरा, शनिवार : तळोजा

बेलापूरहून मेट्रोने पेंधर. २०२३च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही मेट्रो अजून नवी नवी वाटते. अकरा स्टेशनं, शेवटपर्यंत ३० रुपये आणि बसायला जागा. खारघरचे डोंगर पावसाने हिरवेगार, त्यांवरून पाण्याच्या रेघा. मामाने कानातलं मशीन चालू ठेवून प्रत्येक घोषणा ऐकली आणि तीनही भाषांत ऐकली. पेंधरला उतरल्यावर मात्र एमआयडीसीत जायला शेअर रिक्षा मिळवताना घाम निघाला.

वाटेत अमोनियम नायट्रेटचा विषय निघाला. तळोज्यात दीपक फर्टिलायझर्सचा त्याचा कारखाना आहे. लोकांना वाटतं खत, पण खाणीत सुरुंगाला हेच लागतं. ९४ भाग नायट्रेट, ६ भाग डिझेल, भोकात भरायचं आणि उडवायचं. मामा एकदा मॅनेजरबरोबर पंधरा दिवस किरंदुलला राहून आला होता. तिथला दगड कठीण, सुरुंगाशिवाय हलत नाही. गोव्यात बहुतेक जांभा आणि भुसभुशीत पावडर, एक्सकॅव्हेटरच्या दातांनीच निघते. गोव्याचं दुखणं वेगळं, पाण्याचं. खड्डा विहिरींच्या पातळीखाली जातो, मग रात्रंदिवस पंप. खाणीचं पाणी बाहेर फेकलं की वरच्या वाडीच्या विहिरी आटतात आणि खालच्या शेतात गाळ जातो. "आम्हीच पंप लावू आणि आम्हीच वाडीक टँकर पाठवू," मामा म्हणाला. हसून म्हणाला, पण मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

आमच्या ऑफिसच्या ओळखीने एका रोलिंग मिलमध्ये जायची परवानगी मिळाली होती. हेल्मेट, बूट, सही. गेटच्या आत पाऊल टाकलं आणि मामाने कानाचं मशीन काढून खिशात टाकलं. मला वाटलं आवाजाचा त्रास होतो. तर म्हणे, छे, हा आवाज मला मशीनशिवायच येतो.

आधी बाजूच्या शेडमधली इंडक्शन भट्टी पाहिली. इथे खनिज येतच नाही. चुंबकाची क्रेन भंगार उचलते, त्यात मोटारीचे पत्रे, तोडलेले दरवाजे, कुठल्याशा शाळेच्या बाकांचे सांगाडे, आणि त्याच्या जोडीला स्पंज आयर्न. स्पंज म्हणजे खनिज न वितळवता फिरत्या लांब भट्टीत, हजार अंशांच्या आसपास, कोळशासोबत भाजून प्राणवायू काढलेला माल. राखाडी, सच्छिद्र, जांभ्याच्या बारीक खड्यासारखा. इथला रायपूरकडून येतो. मामाने तळहातावर दोन खडे घेऊन वजन केलं आणि नाराज झाला. पोकळ.

मी कालची चिठ्ठी काढली. म्हटलं मामा, तुझा हिशेब चुकला, यात निम्मं तर भंगार आहे. मामाने दोन मिनिटं विचार केला. "भंगार कधीतरी माती होतीच ना गो," एवढंच म्हणाला. पण मग स्वतःच कबूल केलं की भंगार वितळवलं तितका डोंगर वाचला. चिठ्ठीवरची बेरीज त्याने खोडली नाही, तिच्यासमोर एक प्रश्नचिन्ह काढलं.

मिलमध्ये बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब चौकोनी ठोकळा, भट्टीतून बाहेर येतो तो नारिंगी-पिवळा, साबणाच्या लांब वडीसारखा. रोलच्या एका जोडीतून गेला की बारीक आणि लांब, दुसरीतून आणखी. शेवटी इतका पळतो की लाल साप सळसळत गेल्यासारखा वाटतो. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, हातात लांब सांडशी, खांद्यावर ओला टॉवेल. मग पाण्याच्या नळीतून सळई जाते, क्षणभर. वरची साल थंड होऊन कडक, गाभा अजून लाल. बाहेर आल्यावर गाभ्यातली धग सालीला परत शेकते. म्हणून टीएमटी सळई वरून चिवट आणि आतून वाकणारी, भूकंपात तुटण्याआधी वळणारी. मामाला हे पटकन कळलं, मामीच्या घावन्याच्या उदाहरणाने. ते उदाहरण मला नाही कळलं.

मध्येच एक सळई चुकली. रोलमधून निघून पुढच्या तोंडात न शिरता हवेत उसळली, वेटोळी घालत छतापर्यंत गेली. शिट्टी, मशीन बंद, सगळे मागे. कामगार याला कोबल म्हणतात. आठवड्यातून कधीतरी होतंच, असं मॅनेजर म्हणाला. दहा मिनिटांत गॅस कटरने तुकडे करून ते वेटोळं भंगाराच्या ढिगात गेलं, परत वितळायला. माझे पाय पुढचा तासभर लटपटत होते. मामाने तोवर दोन कामगारांकडून तंबाखू घेतली होती.

माझ्या मते मिलमधली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट जमिनीवर पडली होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तापलेल्या बिलेटवरून काळे पोपडे गळतात, मिल स्केल. मामाने चिमूटभर उचलले. फोरमनने दिलेल्या लोहचुंबकाला ते झपकन चिकटले. कालचा आमचा दगड चुंबकाला दाद देत नव्हता. मामाने विचारलं, यात लोखंड किती? सत्तर टक्क्यांच्या आसपास, मॅनेजर म्हणाला. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर ५८चा ५९ करण्यासाठी माल धुतला, चाळला, आणि इथे सत्तरचा झाडूने गोळा करतात. टाकत नाहीत, विकतात, हे कळल्यावर त्याला बरं वाटलं.

बाहेर टपरीवर वडापाव आणि कटिंग. इथला वडा लसणाने ठासलेला, चटणी सुकी, एकदम झकास. तिथेच मामा खिसे चाचपायला लागला. कानाचं मशीन नाही. परत मिलमध्ये गेलो, सुरक्षारक्षकाने टॉर्च मारला, दोन पोरं भंगारात बघून आली. पस्तीस हजारांची वस्तू. घरी येईपर्यंत मी मामाशी बोलले नाही, आणि त्याला ते ऐकू येत नसल्याने कळलंही नाही. रात्री जेवणानंतर त्याने चंची सोडली, डबी उघडली, आणि तंबाखूत मशीन.

जाणाऱ्यांसाठी : मिल बघायची तर ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत आधी विचारा. सुती कपडे घाला, नायलॉनची ओढणी-साडी अजिबात नको. मोबाइल काढण्याआधी विचारा, बहुतेक नाहीच म्हणतात.

दिवस तिसरा, रविवार : वाशी, अटल सेतू, घर

दुकानातल्या मुलीने मशीनमधून तंबाखू ब्रशने काढली. काही बोलली नाही, पण तिच्या भुवया बोलल्या.

मावसभावाची गाडी होती, म्हणून उलव्याकडून अटल सेतू. जाताना विमानतळासाठी सपाट केलेली उलव्याची टेकडी दाखवली. मामाने धंदेवाईक नजरेने बघून विचारलं, एवढं उपसलं आणि माल काहीच नाही? काळा बेसॉल्ट, बांधकामाला चालतो, भरावाला चालतो. खाण म्हटली की आपल्याकडे पारसिकच्या, तुर्भ्याच्या दगडखाणीच डोळ्यांसमोर येतात. मामाच्या लेखी त्या खाणी नव्हेत, ‘खडी काढतात’ एवढंच.

सेतू २१.८ किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावर. भरतीची वेळ होती, पाणी गढूळ राखाडी, लांबवर जहाजं उभी. काही टप्प्यांवर खांब खूप दूर दूर आहेत, तिथे काँक्रीटऐवजी लोखंडी डेक आहे. त्याचे काही भाग जपानहून बनून आले आणि उरणजवळ करंजाला जोडले गेले. पुलाला कर्जही जपानचंच. मावसभावाने हे सांगितल्यावर मामा चवताळून उठला. त्याच्या उमेदीच्या काळात रेडी आणि मुरगावहून माल जायचा तो जपानलाच. बार्जमध्ये भरायचा, खाडीतून किंवा मांडवी-जुवारीतून न्यायचा, बाहेर उभ्या जहाजावर चढवायचा. पावसाळ्यात आग्वादची वाळूपट्टी धोक्याची झाली की बार्जवाले कुंभारजुव्याच्या कालव्याने फिरून जायचे. जपानी साहेब मालाचा ओलावासुद्धा तपासायचा. "म्हणजे हे आमचंच घेऊन आमकाच विकलां?" मी म्हटलं, तुमचंच कशावरून? तो म्हणाला, तुमचं नाही कशावरून?

ओलाव्याची गोष्ट मात्र खरीच मोठी आहे. बारीक माल ओला असला की जहाजात वरून घट्ट दिसतो. जहाज डोलायला लागलं की आतलं पाणी सुटतं, ढीग चिखलासारखा एका अंगाला सरकतो आणि जहाज कलंडतं. २००९ सालच्या पावसाळ्यात ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोझ’ पारादीपजवळ बुडालं, दोन्हीत लोखंडाचाच बारीक माल. मामा सॅम्पलिंगवाला, त्याला ही नावं पाठ. त्या वर्षी साहेबांनी ओलाव्याच्या रिपोर्टवर दोन-दोन सह्या घ्यायला सुरुवात केली, म्हणे.

सेतूवर थांबता येत नाही, हे मामाला सांगून पटेना. टोल मोटारीला एका बाजूचा २५० रुपये, परतीसह ३७५. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. फोटो काढायचा असेल तर चालत्या गाडीतून, आणि तो नेहमी कठड्याचाच येतो.

दुपारी उलव्यात आगरी खानावळीत जिताडं मिळालं. तांदळाची भाकरी हातभर, रस्सा लालेलाल. मामाने पहिल्यांदा संशयाने वास घेतला, मग काटे उरेपर्यंत बोलला नाही. निघताना म्हणाला, कोकम नाही, चिंच आहे. तक्रार होती की नोंद, कळलं नाही.

संध्याकाळी ढग गडगडले आणि परतीचा पाऊस कोसळला. वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात मुलीने विचारलं, एवढ्या मोठ्या जहाजातल्या मालात लोखंड किती ते कसं मोजायचात? मामाने तांदूळ आणि मूठभर मसूर मागितले. परातीत कालवले, शंकूसारखा ढीग केला, वरून थापटून चपटा केला, हाताच्या कडेने चार भाग पाडले. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन बाजूला सारले. परत ढीग, परत चपटा, परत चार. असं पाच-सहा वेळा, ओंजळभर उरेपर्यंत. मग मुलीला मसूर मोजायला लावले, तांदूळ मोजायला लावले. परातीतलं प्रमाण आणि ओंजळीतलं प्रमाण जवळजवळ सारखं. हाताची कड अशी फिरत होती की एक दाणा इकडचा तिकडे नाही. या ओंजळीवर जहाजाचा भाव ठरायचा. एक टक्का खाली आला तर साहेब रात्री झोपायचा नाही.

त्याच अंधारात आईने मामेभावाच्या टिपरचा विषय काढला, काढायला नको होता. २००८च्या सुमारास चीनने इतका माल उचलला की पूर्वी फेकून दिलेले रिजेक्शनचे ढीगसुद्धा विकले गेले. गावागावात लोकांनी कर्ज काढून टिपर घेतले, मामेभावानेही घेतला. २०१२च्या सप्टेंबरात गोवा सरकारने काम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. बेकायदा उपशाचे आरोप, शाह आयोगाचा अहवाल. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, २०१८ला न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा सगळं ठप्प. टिपर फणसाखाली उभा राहिला. टायरांवर वेल चढले. हप्ते चालू.

आई म्हणाली, बंद झालं ते बरं की वाईट? मामा म्हणाला, त्या वर्षी आमच्या खालच्या मळ्यात बऱ्याच वर्षांनी नाचणी सरळ उभी राहिली. आणि त्याच वर्षी पोराचं लग्न मोडलं. मग त्याने मशीन कानातून काढलं आणि झोपायला गेला.

दिवस चौथा, सोमवार : ठाणे

गाडी रात्रीची, ठाण्याहून. मी रजा टाकली होती, म्हणून दुपारीच निघालो.

मामलेदार मिसळ. काउंटरवर विचारतात, तिखट, मध्यम की कमी. मामा खूश. "हयसर पण ग्रेड!" हाय ग्रेड मागितली, दोन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी, कानांतून धूर. नंतर माझ्या मध्यममध्ये मिसळून घेतली. याला खाणीत ब्लेंडिंग म्हणतात, भारी माल आणि हलका माल मिसळून गिऱ्हाइकाला हवा तो आकडा गाठायचा. जाणाऱ्यांसाठी : पहिल्यांदा असाल तर कमीच मागा, इथली कमीही कमी नाही.

तलावपाळीला बसलो, शेंगदाणे खाल्ले, ठाणे स्टेशनवर वेळेच्या दोन तास आधी पोचलो कारण मामा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, १४ डबे आणि ४०० माणसं. मामाला गाडीत नाही, रुळात रस. रूळ कुठले होते? विलायतेहून आलेले, जहाजाने. इथे पोलादाचा कारखाना उभा राहायला अजून अर्धशतक होतं. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १९०४ साली जमशेटजी टाटांना पत्र लिहून मयूरभंजच्या खनिजाची खबर दिली, १९०७ला कंपनी, १९१२ला पोलाद. हे मी फोनवर वाचून दाखवत होते आणि मामा फलाटाच्या कडेला वाकून आत्ताच्या रुळावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता. मागून एका पोलिसाने शिट्टी मारली. मामा वळला. ऐकू आली होती, चार दिवसांत पहिल्यांदाच मला न विचारता.

गाडी आली, गर्दी झाली, पिशवी आत, मामा आत. दगड तो आमच्याकडेच ठेवून गेला, म्हणाला पोरीला राहू दे. बदल्यात मिलमधला सळईचा वीतभर तुकडा घेऊन गेला. मामीला दाखवायला, म्हणे. रेडीला जाणाऱ्यांनी सावंतवाडी रोडला उतरावं, तिथून शिरोड्याकडची एसटी. गणपती बघा, यशवंतगड बघा, आणि वाटेत लाल डोंगर दिसला तर तो डोंगर असेलच असं नाही.

मंगळवारी कामावर गेले. पहिलंच बिल, अँगल ५० बाय ५० बाय ६, वजन १२.४८० टन. टाइप करता करता केबिनमध्ये डोकावून विचारलं, शेठ, हा माल मूळचा कुठला हो?

शेठनी कॅल्क्युलेटरवरून मान वर केली नाही. "कुठला म्हणजे? आपल्या चार नंबर गोडाऊनचा."